पासंग

आमच्या गेल गावात वेड्याला वेडा म्हणत नाहीत,
पाहुणा म्हणतात.
फ्लँडर्समधली ही फार जुनी रीत :
घरात एक खोली राखायची,
टेबलावर एक ताट जास्तीचं,
आणि कधी जाणार, हे विचारायचं नाही.

आमचा ओडिलोन आला तेव्हा मी नऊ वर्षांची.
हातात पत्र्याची पेटी, पेटीत तीन बूट,
तिन्ही डाव्या पायाचे.
आई म्हणायची, क्षणात तोळा, क्षणात मासा.
एका हिवाळ्यात त्यानं रातोरात
शेजाऱ्यांचंसुद्धा कुंपण निळं रंगवलं,
आणि मग भिंतीकडे तोंड करून जो निजला
तो थेट बटाटे लावायच्या दिवसापर्यंत.
पुढे डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. लिथियमच्या.

आणि मी, गावाबाहेरच्या प्रयोगशाळेत,
लिथियमच मोजते.
आई म्हणते, हा योगायोग नाही.
मी काही म्हणत नाही.

मोजायचं ते असं :
रेनियमच्या तारेवर एक थेंब सुकवायचा,
सुईच्या अग्रावर मावेल एवढा.
आतली हवा उपसायची. तार तापवायची.
अणू सुटतात, चुंबकापाशी वळतात,
हलके जास्त, जड कमी.
सहा इकडे, सात तिकडे.
कागदावर पेन त्यांच्या रेघा ओढतं :
एक बुटकी टेकडी, एक पहाड.

पण इथेही मापात पाप आहे.
तापलेल्या तारेवरून हलके आधी पळतात,
त्यामुळे सकाळचं उत्तर
दुपारपर्यंत टिकत नाही.
म्हणून शुद्ध सहा आणि शुद्ध सात
मी माझ्या हातानं तोलून, मिसळून ठेवलेत.
त्यांचं खरं मला आधीच ठाऊक.
ते यंत्राला द्यायचं आणि विचारायचं,
बोल, किती खोटं बोलतोस?
मग तेवढा पासंग धरायचा.

त्या मंगळवारी कपाटातली नवी बाटली फोडली.
शंभरात साडेसाताच्या आसपास हलके असायला हवेत.
निघाले पावणेचार.
तार बदलली. आम्ल बदललं.
चिमटासुद्धा नवा घेतला.
तीन आठवडे मी फक्त स्वतःवर संशय घेतला.
पावणेचार.

शेवटी लोडेवेक कॉफी ढवळत म्हणाला,
‘अगं, हलके कुणीतरी आधीच काढून घेतलेत.
बॉम्बला लागतात ते.
उरलेलं बाटलीत भरून विकतात.’
लेबलावर अणुभार छापलेला : ६.९४.
माझ्या वहीत : ६.९७८.
पुढची साखर त्यानं न विचारता
माझ्या कपात टाकली.

घरी येऊन ओडिलोनकडे एक गोळी मागितली.
‘मग आज मी काय घेऊ?’
उद्या जास्तीची आणते म्हटलं.
त्यानं ती रुमालाच्या टोकात बांधून दिली,
लहान मुलाचा पडलेला दात द्यावा तशी.

गोळीतही कमीच. पाचाच्या आत.
डॉक्टरांना फोन केला. ते हसले.
एवढं रक्ताला कळत नाही, म्हणाले.
खरंच असेल. मी रक्त मोजत नाही.

रात्री तो बटाटे सोलत होता,
साल एकसंध निघावी म्हणून जीभ बाहेर काढून.
मी सगळं सांगितलं, टेकडी, पहाड, बाटली.
साल तुटली.
बराच वेळ तो चाकूच्या पात्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
‘म्हणजे माझे हलके कुणाकडे आहेत?’

आई चुलीपाशी उगीच झाकण उघडत बंद करत होती.

‘परत मागता येतात?’
नाही म्हटलं.
पण किती गेले ते सांगता येतं,
दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत,
आणि त्यात माझी चूक किती असेल, तेही.

‘लिहिलंस?’
लिहिलं.
‘चुकीसकट?’
चुकीसकट.

तो ‘बरं’ म्हणाला,
आणि जेवताना स्वतःच्या ताटातला अर्धा बटाटा
उचलून माझ्या ताटात ठेवला,
जरा मागे सरकून बघितलं,
मग त्यातला एक तुकडा परत नेला.